मुका मार, बोलका हात

डॉ. यमुनाताई सोवनी यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी एका पायावर उभी होते. हे शोभेसाठी लिहिलेले नाही, खरोखरच उभी होते. लग्न होऊन कराडहून वाराणसीला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. यजमान रेल्वेत नोकरीला. नव्या सुनेला गंगा दाखवावी म्हणून शेजारच्या काकू मला बालाजी घाटावर घेऊन गेल्या, आणि खालच्या पायऱ्यांवरच्या शेवाळाने मला गंगा जरा जास्तच जवळून दाखवली. उजवा घोटा बघता बघता टम्म फुगला. काकूंच्या खांद्याचा आधार घेत, लंगडी घालत मी पंचगंगा घाटाजवळच्या गल्लीतल्या एका दवाखान्यात पोचले. दारात बसलेल्या कंपाउंडरनी काय झाले म्हणून विचारले, "का भयल?" शाळेत शिकलेली सगळी हिंदी गोळा करून मी म्हणाले, "मेरा पाय मुरगळ गया।"

कंपाउंडरनी आधी माझ्या पायाकडे, मग माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "मुर्गा गल गयल, त इहाँ काहे अइलू?"

कोंबडा शिजला असेल तर दवाखान्यात कशाला आलात, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. तेवढ्यात पडद्यामागून कुणी तरी खो खो हसले आणि स्वच्छ मराठीत हाक आली, "अगं, ये आत. कोंबडं नाही, घोटा आहे तो!"

परक्या गावात, घराबाहेर महिनाभर ज्या भाषेत कुणी हाक मारली नव्हती त्या भाषेत ती हाक आली आणि माझ्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. घोटा दुखतो म्हणून रडते, असे मी तेव्हा सांगितले. ताईंना ते खरे वाटले नसावे, कारण त्यांचा अंगठा माझ्या घोट्यावर फिरत होता आणि डोळे मात्र माझ्या चेहऱ्यावर होते. त्यांनी विचारले, "शिकलीस काय?" मी म्हणाले, "फिजिओथेरपी." त्यांचा अंगठा थांबला. "मग सांग बघू, या घोट्याचं काय करायचं?" मी कण्हत कण्हत सांगितले, "बर्फ, पट्टी, पाय उंचावर, विश्रांती." "आणि?" "आणि मालिश अजिबात नाही." ताई म्हणाल्या, "पास झालीस. घोटा बरा झाला की कामाला ये." स्वतःच्याच सुजलेल्या पायावर तोंडी परीक्षा देऊन नोकरी मिळवलेली बाई मला अजून दुसरी भेटलेली नाही.

यमुनाताई अस्थिरोगतज्ज्ञ, म्हणजे हाडांच्या डॉक्टर. मोडलेले हाड त्या जोडतात, आणि जोडलेल्या हाडाच्या माणसाला मी चालते, वळते, पोळ्या लाटते करते. हा आमचा संसार त्या मुरगळलेल्या घोट्यापासून आजपर्यंत चालू आहे. काशीतल्या मराठी मंडळाने ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ काढायचे ठरवले तेव्हा लेख सर्वांत आधी माझा येईल अशी संपादकांची अपेक्षा होती. तो सर्वांत शेवटी आला आहे. त्याचे कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवे.

गेल्या पावसाळ्यानंतर पूर ओसरला आणि घाटाच्या पायऱ्यांवर नेहमीसारखा चिखल उरला. "पूर गेल्यावर खाली उतरू नका" असे उभा जन्म सगळ्यांना बजावणाऱ्या यमुनाताई खाली उतरल्या, घसरल्या आणि पडता पडता उजवा हात टेकला. मनगटाजवळचे हाड मोडले. त्यांच्याच एका विद्यार्थ्याने प्लास्टर घातले. मंडळाचे लोक सत्काराचे सांगायला गेले तेव्हा हात गळ्यात अडकवलेला होता. ताई त्यांना म्हणाल्या, "सत्काराचा नारळ मी उजव्या हातानं घेईन. नाही जमलं, तर सत्कार पण नको आणि दवाखाना पण बंद. जिला स्वतःचा हात वळवता येत नाही, तिनं दुसऱ्याची हड्डी काय बसवायची?" मंडळी हसली. मी हसले नाही. ताई थट्टा करतात तेव्हा त्यांची डावी भुवई वर जाते, आणि त्या वेळी ती जागची हलली नव्हती. म्हणून माझ्या हातून लेख होईना. जो दवाखाना राहील की नाही हे माहीत नव्हते, त्याचे गोडवे गाणे मला जमणार नव्हते.

आज जमते आहे. ते का, हे शेवटी सांगेन. आधी गौरव करू द्या, नाही तर संपादक रागावतील.

ताईंच्या घराण्याच्या किती पिढ्या काशीत गेल्या हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. घरात पौरोहित्य आणि संस्कृत. त्या घरातली मुलगी डॉक्टर झाली आणि त्यातही हाडांची डॉक्टर झाली, तेव्हा गल्लीत म्हणे बरीच चर्चा झाली. बाई माणूस हाड काय ओढणार, असा लोकांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर एका पहिलवानाने दिले. आखाड्यात त्याचा खांदा निखळला होता. दोस्तांनी उचलून आणला, तर समोर बाई बघून तो परत निघाला. ताईंनी त्याला नुसते बसवून घेतले आणि विचारले, "रबडी सबसे अच्छी किसकी है?" असल्या विषयावर काशीचा माणूस गप्प बसत नाही. तो एकेका दुकानाचे गुणदोष सांगू लागला. ताई त्याचा हात धरून हळूहळू फिरवत होत्या. तिसऱ्या दुकानाशी तो पोचला तोच खांदा खट्कन जागेवर बसला. तो थक्क होऊन म्हणाला, "अरे, बइठ गयल!" त्या दिवसापासून आखाड्यातली सगळी मंडळी ताईंकडे येऊ लागली, आणि ताईंना उत्तम रबडीही मिळू लागली.

दवाखान्यात मोठे आजार आम्हांला फारसे दिसले नाहीत. आमच्याकडे यायच्या त्या रोजच्या जगण्यातल्या इजा. संक्रांतीला मांजाने चिरलेली बोटे. कढईतल्या तेलाने हातावर आलेले फोड, आणि त्यांवर कुणी तरी प्रेमाने थापलेली टूथपेस्ट. माकड मागे लागले म्हणून गच्चीवरून उडी मारणाऱ्यांच्या टाचा. ठंडाई वाटून वाटून धरलेली मनगटे. आणि बाराही महिने पायऱ्या, पायऱ्या, पायऱ्या. या गावातली निम्मी माणसे पुण्यासाठी घाट उतरतात आणि त्यांतली काही आमच्याकडे चढून येतात. यातल्या कशालाही ताईंनी कधी 'किरकोळ' म्हटले नाही. मी एकदा म्हटले तर त्या ताडकन म्हणाल्या, "शैला, किरकोळ ते, जे दुसऱ्याला लागलेलं असतं." मी तो शब्द टाकला तो आजतागायत उच्चारलेला नाही.

घाटावरच्या मालिशवाल्यांशी इतर डॉक्टरांचे भांडण असे, कारण ताजी मुरगळ चोळून ते ती दुप्पट करून ठेवत. ताईंनी भांडण केले नाही. एका सकाळी त्या सरळ त्यांच्या छत्रीखाली जाऊन बसल्या, पाठीला मालिश करून घेतले, "बहुत बढ़िया हाथ है" अशी दिलखुलास तारीफ केली आणि मग सांगितले, की सूज दिसली तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि माणूस माझ्याकडे पाठवा. सूज उतरली की मी तो तुम्हांला परत पाठवीन. तो करार अजून चालू आहे. आमचे कंपाउंडर त्याला तह म्हणतात.

आता ज्या गोष्टीवरून या लेखाला नाव दिले ती गोष्ट. माझी हिंदी तोवर बरी झाली होती, म्हणजे मला तसे वाटत होते. एका नावाड्याने त्याच्या आईला आणले. सोबत त्याची बायको फुलमती, नवी नवरी, डोक्यावरून पदर. सासूबाई घरच्या पायरीवरून घसरल्या होत्या. मांडी काळीनिळी झाली होती. एक्सरे बघितला, हाड शाबूत होते. मी मोठ्या आत्मविश्वासाने बाहेर आले आणि त्या मुलाला म्हणाले, "डरो मत. हड्डी ठीक है. सिर्फ मुका मार है."

मराठी माणसाला यात काही खटकणार नाही. जखम नाही, रक्त नाही, आतल्या आत लागले, तो मुका मार. पण हिंदी कानाला तो ऐकू आला 'मुक्का मारा', म्हणजे गुद्दा मारला, असा. त्या मुलाचा चेहरा पालटला. "मुक्का? के मरलस?" कुणी मारला हे तो विचारत होता, आणि घरात त्या वेळी सासूबरोबर दुसरे कोण होते, हे त्याला ठाऊकच होते. त्याने बायकोकडे पाहिले. सासूबाईंना ऐकू कमी येई. डॉक्टरीणबाई काही तरी बरे सांगत असणार म्हणून त्या माना डोलावत होत्या. मुलगा ओरडू लागला, बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले, एक जण तर "आजकल की बहुएँ" असे सुरूही झाला. फुलमती हातातली पिशवी घट्ट धरून भिंतीला टेकली होती. मी "नहीं नहीं, मुका, मुका" असे म्हणत गुद्दा नाही हे दाखवायला मूठ नाचवत होते, आणि त्याने प्रकरण आणखीच बिघडत होते.

ताई बाहेर आल्या. त्या कधी आवाज चढवत नाहीत, आणि त्या दिवशीही त्यांनी चढवला नाही. म्हातारीच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी विचारले, "अम्मा, गिरलू कइसे?" म्हातारीने सगळे सांगितले. पायरीवर पाय सरकला, आणि सुनेने मागून धरले म्हणून डोके वाचले. "ई न धरत, त हम गइल रहलीं," ती म्हणाली. ही नसती तर मी गेलेच होते. ताई मुलाकडे वळल्या. "गुम चोट है, बेटा. मुक्का किसी ने नहीं मारा. ये हमारी मराठी बोल रही थी." मग त्या एकदम फुलमतीपाशी गेल्या. "तू झोला बाएँ हाथ में काहे पकड़ले हऊ?" पिशवी डाव्या हातात आहे हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. सासूला सावरताना तिचा उजवा खांदा ओढला गेला होता, आणि तिने ते कुणालाही सांगितले नव्हते. तिला आधी तपासले, तिचा हात गळ्यातल्या झोळीत बांधला आणि नवऱ्याला सांगितले की घरातले पाणी आता तू भरायचेस. तो मान खाली घालून "माफ कर द" असे पुटपुटला. ताई म्हणाल्या, "हमसे नहीं, उससे. और जोर से. चिल्लाए भी तो जोर से थे." सगळ्या बाकांदेखत त्याला ते मोठ्याने म्हणावे लागले.

ते गेल्यावर मला बोलणी बसतील असे वाटत होते. ताईंनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "आपल्याकडे मार मुका असतो, यांच्याकडे चोट गुम असते. गोष्ट एकच. ती स्वतः बोलत नाही. हात जागेवर ठेवायचा आणि चेहऱ्याकडे बघायचं. तुला म्हातारीची मांडी दिसली, त्या पोरीचा चेहरा नाही दिसला." माझे सगळे पदवीशिक्षण एका बाजूला आणि ते वाक्य एका बाजूला. आजही नव्या मुलांना मी हेच शिकवते, फक्त 'मुका मार' हा शब्द मराठीतच ठेवते.

त्या चहाविषयीही लिहायला हवे. दवाखान्यात दुपारचा चहा मराठीत होत असे. म्हणजे चहा होता तसाच, पण तो संपेपर्यंत मराठीखेरीज बोलायचे नाही असा ताईंचा दंडक होता. मी घरापासून लांब आहे हे त्यांनी ओळखले होते, पण तसे म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "माझी मराठी सुधारायची आहे, तू टोकत जा." मी टोकत असे. "ताई, 'दवाई खा' नाही, 'औषध घे'." "बरं बाई, औषध. पण 'घबरू नको' चालतं ना?" "घाबरू." "तेच ते." पुढे कंपाउंडरही "चहा झाला का, ताई?" असे विचारू लागले. मी त्या दवाखान्यात भाषा विसरले नाही, याचे श्रेय त्या चहाला आहे.

आणि मग आला तो चिखल, ते प्लास्टर आणि नारळाची ती अट.

डॉक्टर आजारी पडला तर वाईट पेशंट होतो हे मी ऐकले होते. यमुनाताई सर्वांत वाईट पेशंट निघाल्या. प्लास्टरमध्ये असतानाही बोटे हलवत राहा, हे त्या लोकांना ओरडून ओरडून सांगत. स्वतः मात्र हात पदराखाली झाकून बसून राहिल्या. प्लास्टर निघाले तेव्हा बोटे फुगलेली, ताठ, मूठ वळत नव्हती. मी रोज घरी जाऊ लागले. त्या रोज मला सांगत, "काही दुखत नाही ग, उद्या करू." उद्या पण तेच. मंडळाचा माणूस पत्रिकेचा मजकूर विचारायला आला, तर "थांबा जरा" म्हणून परत पाठवला. दवाखान्याच्या किल्ल्या त्यांनी माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाल्या, "तूच सांभाळ." मी त्या तिथेच ठेवून आले.

एक दिवस मी व्यायाम बाजूला ठेवला. त्यांचे मनगट हातात घेतले, अंगठा जागेवर ठेवला आणि चेहऱ्याकडे बघत राहिले. चेहरा अगदी कोरा होता. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे वाचले त्यांना आपला कसा मिटून घ्यायचा हे बरोबर माहीत होते. मी म्हणाले, "ताई, हा मुका मार आहे. तुम्हीच शिकवलंत, तो बोलत नाही म्हणून." त्यांनी हात ओढून घेतला नाही. म्हणाल्या, "भीती वाटते ग, शैला. हलवला आणि नाहीच हलला तर? अजून कळलेलं नाही तोवर बरं आहे." आणि त्या रडल्या. मी इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिले. मग मीही रडले, आणि या वेळी घोट्याचे निमित्त सांगायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले नाही. सोबत फुलमतीला घेऊन गेले. ती आता स्वतः सासू आहे, आणि तिच्या डोक्यावर पदर असला तरी तोंडावर कसलाही पदर नाही. ती दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हमसे त खूब हिलववलू, डाक्टर माई! अब अपने काहे नाहीं हिलावत हऊ?" माझा खांदा तर माझ्याकडून भरपूर हलवून घेतलात, आता स्वतःचा हात का हलवत नाही, असे तिने विचारले. फुलमतीने बादलीतला ओला पंचा त्यांच्या हातात दिला. पिळा. पहिल्या दिवशी पंच्यातून थेंब पडला नाही, पण ताईंची डावी भुवई मात्र वर गेली. मला तेवढे पुरे होते. पुढे पंचा झाला, मग कणीक झाली. सुरुवातीच्या त्या कणकेच्या पोळ्या कुणी खाल्ल्या हे मी सांगत नाही, पण माझ्या यजमानांच्या सहनशीलतेचा इथे उल्लेख व्हावा.

तरी ताईंचा भरवसा बसत नव्हता. हात वळू लागला होता, मूठ मिटत होती, पण जिना उतरताना, दार उघडताना, कुणाला प्रसाद देताना त्यांचा डावाच हात पुढे येई. उजवा पदराखालीच. नारळाचे कुणी विचारले की त्या विषय बदलत.

मागच्या आठवड्यात एका सकाळी त्या म्हणाल्या, "चल, घाटावर जाऊ." आम्ही बालाजी घाटावर गेलो. ऊन कोवळे होते, पायऱ्या धुतलेल्या होत्या. मी त्यांना सांभाळत एक पायरी पुढे चालले होते आणि मागे वळून "ताई, जपून" असे म्हणत होते. तेवढ्यात माझाच पाय सरकला. तोच घाट, तोच घोटा. पण मी पडले नाही. पदराखालून एक हात सट्कन बाहेर आला आणि त्याने माझे मनगट असे पकडले की मी जागच्या जागी थांबले.

तो उजवा हात होता.

आम्ही दोघी त्या हाताकडे बघत उभ्या राहिलो. मी विचारले, "ताई, दुखलं का?" त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाल्या, "मला नाही. तुला दुखलंय. तुझं तोंड सांगतंय." आणि हात सोडायच्या ऐवजी त्यांनी तो आणखी घट्ट केला. त्यांना हसू फुटले, खो खो, अगदी पडद्यामागून पहिल्या दिवशी फुटले होते तसे. घरी परतल्यावर त्यांनी किल्ल्या कमरेला खोचल्या आणि मंडळाच्या माणसाला पत्रिका छापायला सांगितले. दवाखाना सोमवारपासून उघडला आहे.

आता शुभेच्छा. यमुनाताईंना उदंड आयुष्य मिळो, त्यांचे गुडघे, कंबर आणि मनगटे त्यांचे ऐकत राहोत, आणि त्यांच्या हाताखाली बोलायला येणाऱ्या मुक्या इजांची रांग कमी होवो, हे मागणे मी त्या पंचगंगेपाशीच मागते. सत्काराला येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांना मात्र एक सूचना आहे. नारळ देताना आपली बोटे वेळेवर काढून घ्यावीत. माझ्या मनगटावर ताईंच्या पकडीचा निळा डाग अजून आहे. आज जरा पिवळा पडू लागला आहे, आणि फिजिओथेरपिस्टने असे लिहू नये, पण तो इतक्यात जाऊ नये असे मला वाटते. कुणी विचारले की मी सांगते, काळजीचे काही नाही, मुका मार आहे.